मॉरिशस: पाहुणे बघायला येतात ते कोणी घडवलं?

वर्तमानपत्रात परदेशी सहलींच्या जाहिराती येतात, त्यांत मॉरिशसचं नाव हमखास असतं. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, माडाला बांधलेला झोपाळा आणि त्यात बसलेलं नवं जोडपं. खाली एक ओळ असते, विविध संस्कृतींचा देश. आमच्या भागातल्या बऱ्याच गटांनी आता निवास-न्याहारी सुरू केली आहे. गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो: पाहुण्यांना समुद्र तर दिसतोच, पण 'संस्कृती' म्हणून आपण दाखवायचं काय? म्हणून आज आम्ही मॉरिशसचा इतिहास सांगायचं ठरवलं. आम्ही तिथे गेलेलो नाही, पण बरंच वाचलं आहे. आणि हा इतिहास आपल्या कोकणाला अगदी परका नाही.

देश केवढा, ते आधी सांगतो. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा हा देश. आपला सिंधुदुर्ग जिल्हा पाच हजार दोनशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे मॉरिशस त्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. आणि 2019 या एका वर्षात तिथे आलेले पर्यटक 13 लाख 80 हजारांहून जास्त. घरच्या माणसांपेक्षा पाहुणे जास्त.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या बेटावर मूळचं कोणीच राहत नव्हतं. डच लोक 1598 मध्ये तिथे उतरले, तेव्हा माणसाची वस्ती नव्हती. होती ती दाट काळ्या लाकडाची, म्हणजे आबनुसाची जंगलं आणि उडता न येणारा डोडो पक्षी. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. डचांनी 1710 मध्ये बेट सोडलं, मग फ्रेंच आले, आणि 1810 मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतलं. राजे-गव्हर्नरांची यादी इथेच थांबवतो. सांगायचं एवढंच की आज पर्यटक तिथलं जे खाणं, गाणं, देऊळ, सण बघतात ते सगळं कोणीतरी बाहेरून आणलेलं आहे. आणणारे बहुतेक जण फिरायला आलेले नव्हते.

पहिले आणले गेले गुलाम. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिकच्या बाजूने. फ्रेंचांच्या काळात बंदर, रस्ते, उसाचे मळे सगळं त्यांच्या हातांनी उभं राहिलं. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामी कायद्याने बंद झाली, तेव्हा बेटावर सुमारे 66 हजार गुलाम होते. भरपाई मिळाली, पण कोणाला? मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. ज्यांची पाठ फुटली त्यांना एक पैसाही नाही. वर आणखी चार वर्षं त्यांना 'शिकाऊ कामगार' म्हणून त्याच मालकांकडे राबावं लागलं.

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उभा कातळी डोंगर आहे, उंची 556 मीटर. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. तिथल्या लोकांत पिढ्यानपिढ्या सांगतात की गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढून आले, तेव्हा ते आपल्याला धरायलाच आले असं वाटून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही तोंडी आलेली कथा आहे. पण 2008 मध्ये या डोंगराला जागतिक वारसा म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली, ती याच आठवणीसाठी. डोंगराच्या पायथ्याशी आज महागडी हॉटेलं आहेत. पर्यटक सकाळच्या चहाबरोबर डोंगराचा फोटो काढतात.

या गुलामांकडे बरोबर आणायला काही नव्हतं, फक्त आवाज आणि ताल. त्यातून 'सेगा' हे गाणं-नाचणं तयार झालं. त्यातलं मुख्य वाद्य रावान. लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवतात आणि वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात. आपल्याकडे हलगी शेकून घेतात ना, अगदी तसं. दुसरं वाद्य मारावान, उसाच्या वाळक्या तुऱ्यांच्या काड्यांची चपटी पेटी आणि आत बिया, हलवली की खुळखुळ वाजते. दिवसभर ऊस कापायचा आणि रात्री त्याच उसाच्या काड्यांवर गायचं. गोऱ्या मालकांना आणि पाद्र्यांना हे नाचणं असभ्य वाटे. आज हॉटेलात जेवणाच्या वेळी घेरदार रंगीत घागऱ्यांत सेगा होतो. अस्सल सेगा मात्र घराच्या अंगणात, समुद्रकाठी शेकोटीभोवती चालतो. 2014 मध्ये युनेस्कोने त्यालाही मानवजातीचा वारसा म्हटलं. एकेकाळी लाज वाटायला लावली गेली ती गोष्ट आता देशाच्या जाहिरातीत पहिल्या पानावर आहे. याचा आनंद मानावा की राग यावा, आमचं आम्हालाच ठरत नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. गुलामी जाणार हे दिसू लागताच मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कोलकात्याहून 36 मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पाच वर्षांचा करार, पगार महिन्याला पाच रुपये. बायकांना पुढे याच कामात चार रुपये मिळत. मैत्रिणींनो, हा एक रुपयाचा फरक आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी गेली. बहुतेक बिहार आणि उत्तर हिंदुस्थानातली, मग मद्रासकडची तमिळ आणि तेलुगू, आणि काही हजार मुंबई बंदरातून, त्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडची.

काय सांगून नेलं असेल? तिथे आजही सांगतात की मुकादम म्हणायचे, मारीच देशात दगड उलटला की खाली सोनं सापडतं. दगड खूप सापडले. बेट ज्वालामुखीचं, सगळी जमीन काळ्या धोंड्यांनी भरलेली. ते धोंडे हातांनी उचलून, डोक्यावरून नेऊन रचायचे, तेव्हा उसाला जागा व्हायची. आजही मॉरिशसच्या उसाच्या शेतांत मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. सहलीच्या बसमधून कोणी विचारतं, हे काय प्राचीन मंदिर आहे का. आमच्या मते ते कोणत्याही मंदिराइतकेच बघण्यासारखे आहेत.

मजुरांच्या कायद्यात एक कलम होतं, त्याला 'डबल कट' म्हणत. एक दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडला तरी. आपल्या मराठवाड्यातल्या ऊसतोड भगिनी हे वाचत असतील तर त्यांना हे समजावून सांगायला नको. 1867 मध्ये आणखी कडक नियम आला: प्रत्येक जुन्या मजुराने स्वतःचा फोटो चिकटवलेलं तिकीट सतत जवळ बाळगायचं. विसरलं तर पोलिस धरणार. 1871 मध्ये आडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने मजुरांच्या बाजूने राणीकडे अर्ज केला. त्यावर 9 हजार 401 मजुरांच्या सह्या-अंगठे होते. त्यामुळे लंडनहून चौकशी आयोग आला आणि निदान काही जाच कमी झाले.

पहिली काही वर्षं जहाजांत बायका अगदीच थोड्या होत्या. पुढे सरकारला नियम करावा लागला की प्रत्येक जहाजात ठराविक प्रमाणात बायका असल्याच पाहिजेत. इथून पुढे वसाहत बदलली. घर आलं, चूल आली, देव्हारा आला. छावणीतल्या झोपड्यांच्या रांगांमध्ये तुळशी लागल्या. मॉरिशसची संस्कृती म्हणून आज जे दाखवतात त्याचा मोठा भाग या बायकांनी राखला, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दोन-तीन ओळींहून जास्त जागा मिळत नाही.

पोर्ट लुईमध्ये हे मजूर उतरायचे ती जागा आजही आहे. समुद्रातून वर येणाऱ्या 16 दगडी पायऱ्या, दवाखाना, स्वयंपाकघर, नोंदणीच्या खोल्या. दोन-तीन दिवस इथे ठेवून मग मळ्यावर पाठवत. पूर्वी त्याला 'कुली घाट' म्हणत. स्वातंत्र्यानंतरही या जागेची फारशी किंमत कोणाला नव्हती, तिचा मोठा भाग तर मोटाररस्ता काढताना पाडला गेला. 1987 मध्ये तिला राष्ट्रीय स्मारक केलं आणि नाव दिलं 'आप्रवासी घाट'. 2006 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. आता समुद्रकिनाऱ्यावरून कंटाळलेले पर्यटक तिथे येतात आणि पायऱ्यांकडे बघून गप्प होतात, असं तिथे जाऊन आलेल्यांनी लिहिलं आहे. ती जागा चकाचक नाही. उरलंय तेवढंच दाखवलं आहे.

खाण्याचं सांगितल्याशिवाय बायकांची गोष्ट पुरी होत नाही. मॉरिशसमध्ये रस्त्यावर सगळ्यात जास्त खपणारा पदार्थ म्हणजे दाल पुरी, तिथल्या बोलीत 'ढोल पुरी'. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, कोरडी वाटून मैद्याच्या गोळ्यात भरायची, पातळ लाटायची, तव्यावर भाजायची. आपली पुरणपोळी, फक्त गूळ काढून मीठ-जिरं घाला. जोडीने विकतात, मध्ये पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा, मिरचीची चटणी. बिहारी मजुराचं अन्न, पण ते आज चिनी, फ्रेंच, आफ्रिकी वंशाचे सगळेच रांगेत उभे राहून खातात. डाळवड्याला तिथे 'गातो पिमां' म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये मिरचीचा केक! आमच्या गटातल्या एका ताईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग आपणही उद्यापासून वड्याचे दर वाढवू.

आणि गाणी. बिहारकडच्या भोजपुरी बायकांनी लग्नाची गाणी नेली, त्याला तिथे 'गीत-गवई' म्हणतात. लग्नाच्या आधी नवऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी बायका जमतात. घरच्या आणि शेजारच्या बायका एका फडक्यात हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे ठेवून पूजा करतात, बाकीच्या देवादिकांची गाणी म्हणतात. मग आई आणि ढोलक वाजवणारी बाई मिळून वाद्यांचा मान करतात. त्यानंतर ढोलक सुरू होतो, लोट्यावर चमचे वाजतात आणि सगळ्या नाचतात. हळद, तांदूळ, दूर्वा! आपल्या घाण्याची, हळदीची गाणी आठवली ना? या गाण्यांची पुस्तकं नव्हती. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे अशी ती आली. नव्या पिढीच्या तोंडी क्रिओल आणि फ्रेंच बसलं तेव्हा गाणी विरू लागली. मग गावोगावी जुन्या जाणत्या बायकांनी मुलींना शिकवायला वर्ग काढले. 2016 मध्ये गीत-गवई युनेस्कोच्या यादीत गेली. कोणाही राजाचा वाडा नव्हे, बायकांनी अंगणात म्हटलेली गाणी.

मॉरिशसच्या बायका नुसत्या गात बसल्या होत्या असं मात्र समजू नका. 27 सप्टेंबर 1943 रोजी बेल व्यू आरेल इथल्या मळ्यावर मजुरीसाठी संप चालू होता. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चार जण मेले, त्यांत अंजलै कूपन ही गरोदर मजूर बाई होती. आज त्या भागात देशाचं मोठं फुटबॉल मैदान आहे, त्याला तिचं नाव दिलं आहे. सहलीच्या कार्यक्रमात हे मैदान नसतं.

पुढे मताचा हक्क आला. 1948 च्या निवडणुकीत असा नियम झाला की बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत देता येईल, बाईला सुद्धा. मग गावागावांतल्या 'बैठकां'मध्ये, म्हणजे संध्याकाळच्या शाळांमध्ये, कंदिलाच्या उजेडात ऊस तोडणारे लोक अक्षरं गिरवू लागले. बासदेव विष्णुदयाळ आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी हे काम गावोगाव केलं. मतदार जेमतेम 12 हजार होते, ते 71 हजारांवर गेले. अंगठा सोडून सही करायला शिकलो त्या दिवशी बँकेत आपल्याला कसं वाटलं होतं, ते आठवून बघा. 1959 मध्ये सर्वांना मत मिळालं आणि 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. ते मळ्यावरच्या मजुराचेच चिरंजीव.

तेव्हा देशाकडे विकायला साखरेशिवाय काही नव्हतं. एक मोठं वादळ आलं की वर्षाचं पीक आडवं. म्हणून कपड्यांचे कारखाने आले, त्यांत हजारो बायका कामाला लागल्या, आणि मग पर्यटन आलं. सुरुवातीला जाहिरात फक्त समुद्राची होती. समुद्र तर मालदीवमध्येही आहे, सेशेल्समध्येही आहे. मॉरिशसचं वेगळेपण दुसरीकडे आहे. एकाच रस्त्यावर तमिळ कोविल, मशीद, चर्च आणि चिनी पॅगोडा. तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ या सगळ्यांना सरकारी सुट्टी. शिवाय 1 फेब्रुवारी गुलामी संपल्याची सुट्टी आणि 2 नोव्हेंबर मजूर उतरल्याची सुट्टी. आपल्या अपमानाच्या दिवसांची सुट्टी पाळणारे देश फार नसावेत.

सगळं गोड नाही, तेही सांगायला हवं. कायद्याने तिथले सगळे किनारे सर्वांचे आहेत, पण किनाऱ्यालगतची सरकारी जमीन हॉटेलांना भाड्याने जाते आणि मग स्थानिक माणसाला समुद्राकडे जायला वाट शोधावी लागते. त्यावरून तिथे आंदोलनं होतात. 1997 मध्ये आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या जमिनींचं काय काय झालं ते तुम्ही बघताच आहात. जमीन विकून त्याच जागेवर खोल्या झाडायच्या कामाला गेलेल्या बायका आपल्या गटांत आहेत. आणि जमीन न विकता दोन खोल्या काढून घावणे-सोलकढी करून वाढणाऱ्याही आहेत. दोघींच्या वहीतली जमा-खर्चाची पानं शेजारी ठेवून बघा, एवढंच आम्ही म्हणू.

राहिली मॉरिशसची मराठी माणसं. संख्येने ती तिथे थोडी. घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण शाळेत मुलं मराठी विषय घेऊ शकतात. विठ्ठल-रखुमाईची मंदिरं आहेत. गणपतीला घरोघरी मूर्ती आणतात, आणि नदीवर किंवा समुद्रावर वाजतगाजत नेतात. आणि जाखडी! रत्नागिरीत गणपतीत गोल फेर धरून नाचतात ती जाखडी तिथे अजून आहे, तिला ते 'झाकरी' म्हणतात. ज्यांच्या पणज्याने कोकण सोडलं, त्यांचे पाय अजून त्या ठेक्यावर पडतात.

आता एक कामाची गोष्ट. मजुरांच्या त्या नोंदवह्या आणि फोटो तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. लोक तिथे जाऊन आपल्या पूर्वजाचा नंबर, जहाज, गाव शोधतात. 2024 मध्ये आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या तिथल्या लोकांना भारताचं ओसीआय कार्ड मिळेल असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे आता तिकडून इकडे गाव शोधत येणारे पाहुणे वाढतील. असं कोणी तुमच्या दारात कागद घेऊन आलं, तर एक लक्षात ठेवा. त्या कागदावरचं गावाचं नाव परक्या कारकुनाने कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते डोळ्यांनी वाचून काही कळणार नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला बोलवा आणि ते नाव चार वेगवेगळ्या प्रकारे मोठ्याने म्हणून दाखवा. आडनाव विचारू नका, कारण तिथे बापाचं नाव हेच पुढे आडनाव झालेलं असतं. कुलदैवत कोणतं, गणपती किती दिवसांचा, लग्नात काय गातात, हे विचारा.